सारखाच आकडा

सुमनवहिनी गेली तेव्हा नळाला पाणी आलं होतं. सोलापुरात पाणी आलं की हातातलं टाकून आधी ते भरून घ्यायचं असतं. वहिनीच्या शेजारणीचा फोन आला, "ताई, वहिनी जिन्यात पडल्या, भरलेली कळशी अंगावर..." माझ्या घराजवळच्या सात रस्ता चौकातून रिक्षा करून मी पोचले तोवर सगळं संपलं होतं.

दादा, माझा थोरला भाऊ, जन्मभर यंत्रमागावर होता. वहिनी त्याच शेडमध्ये कांड्यांवर सूत भरायची. सुताची धूळ दोघांच्याही छातीत बसली. दवाखान्यात दोघांनी दम मोजायच्या नळीत फुंकलं, आकडा जवळजवळ सारखाच निघाला. त्या आकड्यानंच घात केला. पुढं दोघांना व्हरांड्यात चालवलं. दादा धापा टाकत का होईना, चालत राहिला. वहिनी मध्येच खाली बसली. दादानं सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली.

"आकडा सारखा हाय की! मला जमतंय, मग हिलाच का न्हाय? लई नाटकं करती."

डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात धरला. "बायकांच्या श्वासनळ्या मुळातच बारीक असतात. आकडा तोच असला तरी यांना दम आधी लागू शकतो. जिना आणि ओझं बंद करा."

दादानं मान डोलावली आणि घरी येऊन कळशी तिच्याच हातात दिली.

वहिनीला एवढंच हवं होतं, खालच्या खोलीत राहायला मिळावं. ती खोली दादानं सुताच्या गोण्यांनी भरलेली. मागितली की मार. केस धरून तो तिला जिन्यावर ढकलायचा. पण ती मुकाट मार खाणाऱ्यातली नव्हती. ओरडायला दम नसायचा, म्हणून हाताला येईल ते फेकायची. एकदा मागाचा धोटा फेकला. त्याच्या लोखंडी टोकानं दादाची भुवई फाटली. टाके घालून तो घरी आला, तर ही म्हणते, "तुमचा सगळा दम मारण्यातच चाललाय. जरा जपून वापरा की."

मी हसले. दादानं माझ्यावर हात उगारला, मी तो पिरगाळला. गोण्या ओढून अंगणात टाकल्या आणि वहिनीचं अंथरूण खाली आणलं. थोडे दिवस ती खाली राहिली. भाकरी थापता थापता बोलायलासुद्धा लागली... मग मी लेकीच्या बाळंतपणाला मोहोळला गेले, आणि माझ्या माघारी दादानं गोण्या परत आत रचल्या.

परवा गेले, तर दादा जिन्याच्या भिंतीला चुना लावत होता. जिन्याच्या वळणावर हाताएवढा काळपट, तेलकट डाग पडलाय. वहिनी श्वास घ्यायला तिथं भिंतीला हात टेकून थांबायची.

"लोकं येत्यात भेटायला. घाण दिसतंय ते," दादा म्हणाला.

मी त्याच्या हातातला ब्रश हिसकला आणि चुन्याची बादली लाथेनं जिन्यावरून खाली उडवली.

डागावर मी हात ठेवून पाहिला. वहिनी माझ्यापेक्षा उंच होती, आणि डाग माझ्या कमरेशी आहे. एवढं वाकून ती दम घ्यायची.