नव्याचा दिवस

आईच्या अन्ननळीत गाठ निघाली तेव्हा भात पोटरीत आलं होतं, लोंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या. पुण्याच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता घरीच न्या, बाबा. गिळता येतंय तोवर मागतील ते द्या." मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण एवढं समजायला शाळा लागत नाही.

तळेघरच्या वरच्या अंगाला आमची चार घरांची भावकी. नवं भात आधी देवाला, मग माणसाला, हा आमचा रिवाज. चारही घरांचं पिकलं की त्याचा दिवस थोरल्या घरानं धरायचा, आणि थोरलं घर आमचं. त्याआधी कुणाच्या तोंडात नवा दाणा गेला असं माझ्या हयातीत झालं नाही, याचा मला लई अभिमान.

आई पेजेवर होती. रेशनच्या तांदळाची पेज बायको चमच्यानं पाजायची. एक दिवस आईनं वाटी सारली.

"खालच्या खाचरात भात पिकलंय न्हवं? वास येतोय मला. त्याची पेज कर."

खालचं हळवं, लवकर येणारं भात खरंच पिवळं झालं होतं. बाकी तीन घरांचं मात्र अजून हिरवं. मी म्हणालो, "आई, दिस धरला न्हाई अजून. तूच शिकवलंस ना आमाला?"

"शिकवलं खरं. तवा मला गिळता येत व्हतं."

चुलीपासून बायको बोलली, "अवं, दिस तुमीच धरता ना? मग धरा की उद्याचा."

"आन् भावकी काय म्हणंल? आईसाठी रिवाज मोडला?"

"भावकीचं ऱ्हाऊ द्या. तुमची मान ताठ ऱ्हायला पायजे, एवढंच हाय."

मी उठून बाहेर गेलो. तिचं खरं होतं म्हणूनच गेलो. चुलतभावाला नुसतं विचारलं असतं तरी तो हो म्हणाला असता. पण थोरल्यानं धाकट्याला विचारायचं, हे माझ्या जिभेवर येईना.

आईनं पुन्हा मागितलं नाही. मी तिची कूस बदलायचो, अंग पुसायचो, उचलून अंगणात उन्हाला बसवायचो. वजन काही राहिलंच नव्हतं. बसली की ती खाचराकडं बघत राहायची. चार दिवसांनी मी तिला भिंतीकडं तोंड करून बसवायला लागलो.

सगळ्यांचं भात पिकायला तीन आठवडे गेले. मग मी दिवस धरला. कापून वाळवलेलं भात बायकोनं उखळात कांडलं, देवाला निवद झाला, आणि पहिली वाटी पेज मी स्वतः आईपाशी नेली. पहिला चमचा ओठाच्या कडेनं बाहेर आला. दुसराही आला. तिसऱ्याला असा ठसका लागला की बायकोनं माझा हात धरला.

"बास करा आता."

आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं हातानंच खुणावलं, जा, तू जेव.

ओसरीवर पंगत बसली होती. थोरल्यानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावत नाही. सगळे माझ्याकडं बघत थांबले होते. मी घास घेतला.

"औंदा भात लई गोड हाय, राव," चुलतभाऊ म्हणाला.

मी हो म्हणालो. आई पाचव्या दिवशी गेली.