आतोबा आणि देवाचा घोडा

माझे आतोबा ज्या गोष्टीला भ्याले नाहीत, अशी गोष्ट मॉरिशसच्या किनाऱ्याला अजून लागायची आहे. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. राहायला उत्तरेकडे पेती राफ्रेला, कामाला साखर कारखान्यात सुतार. सहा फूट उंची, हातोडा धरून धरून लाकडासारखे झालेले हात, आणि मिशी अशी की नवख्या माणसाने रस्ता बदलावा. आणि हेच गृहस्थ आत्याच्या प्रेशर कुकरला भिऊन तिसरी शिट्टी होईपर्यंत अंगणात फणसाच्या झाडाखाली उभे राहत. तिथे फणस डोक्यात पडायची भीती, म्हणून एक हात डोक्यावर. विजेचं बटण ते सुक्या बांबूच्या काठीने दाबत. सरकारी शिक्क्याचं पाकीट आलं की तीन दिवस त्याला हात लावत नसत. चौथ्या दिवशी माझे वडील व्हाकोआहून दोन बस बदलून येत आणि ते उघडत. आत लस टोचून घ्यायची सूचना असे, आणि तारीख परवाच होऊन गेलेली असे. आम्ही पोरं हसलो की ते शांतपणे म्हणत, "मी भीत नाय. मी फकस्त आधी विचार करतो."

वादळाचा विचार तर ते नोव्हेंबरपासूनच करत. त्यांचं घर पत्र्याचं, त्यामुळे त्यात काही वावगं होतं असं मी म्हणणार नाही. पण रेडिओवर पहिला इशारा लागायच्या आत आतोबांचा तिसरा इशारा झालेला असे. छपरावरून दोरखंड, दोरखंडाला दगड, खिडक्यांना फळ्या. एकदा तर त्यांनी कोंबड्यांनाही सुतळीने एकमेकींना बांधून ठेवलं होतं. वादळ आलंच नाही. कोंबड्यांनी मात्र आठवडाभर अंडी दिली नाहीत, आणि आत्याने आठवडाभर आतोबांशी अबोला धरला.

अशा माणसाच्या घरात तो घोडा आला. कारखान्याचे गोरे साहेब बायकामुलांसह बेट सोडून निघाले, तेव्हा मोठ्या बंगल्यातलं सामान वाटलं गेलं. मुलांनी बसून डोलायचा एक लाकडी घोडा होता. पांढरा, तांबड्या खोगिराचा, खाली होडीच्या तळासारख्या वाकलेल्या दोन पट्ट्या. त्याचा मोडलेला पाय आतोबांनी कधीतरी सांधून दिला होता, म्हणून मॅडमने तो त्यांनाच दिला. नको म्हणायला आतोबा भ्याले आणि घोडा बैलगाडीतून घरी आला.

त्या घरात तेव्हा मूल नव्हतं. आत्याची पहिली दोन्ही बाळं वर्षाच्या आत, दातखीळ बसून गेली होती. त्याविषयी कोणी बोलत नसे. मग रिकाम्या घरात हा घोडा ठेवायचा कुठे? जागा शोधता शोधता आतोबांची नजर देव्हाऱ्यावर गेली. आमच्या दोन्ही घराण्यांचं दैवत खंडोबा. त्यांच्या पणजोबांच्या वडिलांनी उसाच्या मळ्यावर राबायला येताना गाठोड्यातून आणलेला बोटभर चांदीचा टाक आतोबांच्या देव्हाऱ्यात होता. शंभर वर्षं पुसून पुसून त्याच्यावरचा देव पार झिजून गेला होता. शिल्लक राहिले होते फक्त घोड्याचे पुढे झेपावलेले दोन पाय. आतोबांनी टाक पाहिला, घोडा पाहिला, पुन्हा टाक पाहिला आणि मटकन खाली बसले.

"पाय वळखलं मी," ते आत्याला म्हणाले. "आयो बोंदिये, देवा रं! ह्यो साहेबाचा नाय. ह्यो देवाचा हाय."

आत्या समजूतदार बाई. तिने घोड्याला ओवाळलं आणि विषय संपवला. पण त्याच वर्षी तिला दिवस गेले, मुलगी झाली, वर्ष उलटून गेलं तरी मुलगी ठणठणीत राहिली, आणि आतोबांचा विषय तिथून सुरू झाला. घोड्याने मुलगी आणली, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पण ज्याने आणली तो परत न्यायलाही येईल, याबद्दलही नव्हती. मुलीचं नाव त्यांनी देवाच्या राणीचं, म्हाळसा ठेवलं. आम्ही माळू म्हणायचो.

दर रविवारी घोड्याला भंडारा लागे. वर्षभरात तो पांढऱ्याचा पिवळा झाला. येळकोट येळकोट जय मल्हार म्हणायचं, तेही हळूच, घोडा दचकू नये म्हणून. त्याचा एक काचेचा डोळा गळून पडला होता आणि उरलेला आपल्याकडे बघतो असं आतोबांना वाटे. म्हणून त्यांनी त्याचं तोंड भिंतीकडे केलं. मग देवाच्या घोड्याला कोपऱ्यात तोंड करून उभं केल्याचं भय वाटलं, म्हणून ते खिडकीकडे केलं. झालं! रस्त्याने जाणारे येणारे खिडकीशी थांबून चौकशी करायला लागले की सुताराने घरात घोडा पाळलाय तो खातो काय. सगळ्यात मोठी धास्ती डोलण्याची. घोडा डोलला म्हणजे पोरीला घेऊन निघाला, असा हिशेब. तेव्हा आतोबांनी दोन्ही पट्ट्यांखाली पुढेमागे चार पाचरी ठोकल्या. रोज सकाळी गुडघ्यांवर बसून ते त्या तपासत. पाचर केसभर हललेली दिसली तर त्या दिवशी उपास. आणि माळू रांगत घोड्याच्या दिशेने निघाली रे निघाली, की घरभर आरोळी उठे, "पा तूसे! हात नको लावू!" त्या पोरीने आईबाबा म्हणायच्या आधी "पा तूसे" म्हटलं होतं.

माळू चार वर्षांची असताना मी तेरा वर्षांची होते. दोन दिवसांसाठी म्हणून पेती राफ्रेला गेले आणि वादळाच्या इशाऱ्याने बस बंद झाल्या. खरं वादळ दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. आतोबांचे दोरखंड, दगड, फळ्या सगळं जागच्या जागी होतं, तरी दुपारी स्वयंपाकघराचं छप्पर कागद उडावा तसं गेलं. आम्ही चौघं मधल्या खोलीत, घोड्याजवळ. पत्रे असे किंचाळत होते की शेजारी बसलेल्या माणसाचा शब्द ऐकू येईना. माळू आधी जिवाच्या आकांताने रडली. मग एकदम गप्प झाली, आणि ते गप्प होणं रडण्यापेक्षा वाईट होतं. अंग ताठ, ओठ काळेनिळे, दात घट्ट. आत्याने तिला उचललं, माळूकडे पाहिलं, आणि आत्याच्या तोंडून जो आवाज आला तो मी आजही विसरलेले नाही. पहिली दोन्ही बाळं अशीच गेली होती. मी भिंतीला पाठ लावून उभी होते.

आतोबा उठले. कोपऱ्यातला हातोडा घेतला आणि चार घावांत चारही पाचरी उडवल्या. आत्याच्या हातातून पोर घेतली, खोगिरावर बसवली, एका हाताने तिला छातीशी धरलं आणि दुसऱ्याने घोडा डोलवायला लागले. पुढे, मागे, पुढे, मागे. "राग आसंल तर माझ्यावर काढ!" ते वरच्या पत्र्यांकडे बघून ओरडले. "बसवली ती मी! तिनं हात नाय लावला!" देवाशी इतक्या मोठ्या आवाजात बोललेले आतोबा मी त्या दिवशीच पाहिले. घोडा जुना, पट्ट्या करकरत होत्या, वाऱ्याने खोलीच्या भिंती आत येत होत्या, आणि हा सहा फुटी माणूस गुडघ्यांवर बसून घोडा हाकत होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग माळूची मान हलली. तिने मोठा श्वास घेतला, थोडी रडली. आतोबांचा हात दमून थांबला, तशी ती बारीक आवाजात म्हणाली, "आंकोर. अजून, बाबा."

त्यांनी संध्याकाळपर्यंत घोडा डोलवला. वादळ पुढे गेलं तरी ती उतरेना.

त्यानंतर आतोबा निर्धास्त झाले असतील असं कोणाला वाटत असेल, तर त्या माणसाने आतोबा ओळखले नाहीत. देवाच्या घोड्यावर पोर बसवल्याची शिक्षा आता कधी होते, याची ते वाट पाहू लागले. माळूला साधी शिंक आली तरी देव्हाऱ्यात दिवा लागे. ती रोज घोड्यावर बसे, आणि हे दोन्ही बाजूंना हात पसरून, पडणारं भांडं झेलायला उभं राहावं तसे उभे. गोवर आला, कांजिण्या आल्या, एकदा सायकलवरून पडून हात मोडला. प्रत्येक वेळी ते मला म्हणाले, "बघ, आली शिक्षा." प्रत्येक वेळी माळू बरी झाली, आणि प्रत्येक वेळी त्यांना हायसं वाटायच्या ऐवजी आणखी भीती वाटली, कारण आधीची बाकी तशीच राहिली होती! पुढे ती मोठी झाली, तिचे पाय जमिनीला टेकायला लागले, आणि घोडा पुन्हा नुसता भंडारा खात उभा राहिला.

अठराव्या वर्षी माळू नर्सिंग शिकायला इंग्लंडला निघाली. तिला विमानतळावर पोचवायला आम्ही भाड्याची व्हॅन केली. आतोबा विमानाबद्दल काहीतरी बोलतील म्हणून आम्ही वाट पाहत होतो. त्यांनी फक्त तिच्या कपाळाला भंडारा लावला, पिशवीचा बंद दोनदा तपासला, आणि ती काचेच्या दाराआड गेल्यावर बराच वेळ दाराकडे बघत राहिले.

परतताना पुढे आत्या रडत होती. मी मागे आतोबांजवळ बसले. ऊस संपेना, रस्ता संपेना. मग ते एकदम म्हणाले, "बाय, त्या वादळात मी देवाला आणखी येक बोललेलो. मनातल्या मनात."

"काय?"

"म्हटलं, हिला मोठी होईस्तोवर माझ्याकडं ऱ्हाऊ दे." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हातारपणापर्यंत ऱ्हाऊ दे म्हणायला पायजे होतं. तेवढं मागायला भ्यालो गो मी. त्यानं शब्द पाळला. माझंच मागणं कमी पडलं."

तीन वर्षांनी ती येईल, असं मी म्हटलं, पण तिकडे गेलेली किती मुलं परत आली होती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"आता मागितलं तर चालतं का?" त्यांनी विचारलं. लहान मुलाने विचारावं तसं.

"चालतं, आतोबा," मी म्हटलं. "मागा."

त्यांनी डोळे मिटले, हात जोडले. त्यांचे ओठ हलत होते. या वेळी हात राखून मागत नसावेत, कारण पेती राफ्रे आलं, व्हॅन दारात थांबली, आत्या खाली उतरली, तरी त्यांचं मागून झालं नव्हतं.