मांडवाच्या वायरीतले चार ओहम

कल्पना करा, समोर पाण्याने भरलेली बादली आहे आणि तिच्यात अंघोळीचं पाणी तापवायचा रॉड सोडलाय. तुमच्या हातात मीटर. रॉडला १९५ व्होल्ट मिळतायत आणि त्यातून साडेसात अँपिअर करंट जातोय. व्होल्टला अँपिअरने भागा: सव्वीस ओहम, हा रॉडचा रेझिस्टन्स. आता गुणा: १४६२ वॉट, ही त्याची पॉवर. रॉडवर मात्र २००० वॉट छापलेलं आहे. मग इथे वॉट एवढे कमी का? आणि तुमच्या मागे बायका उभ्या आहेत, त्यांना उत्तर आत्ता हवंय.

रविना अशी उभी होती. ती माझ्याबरोबर आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला होती. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतून मुरबाडला यायची. तिच्या वाडीतल्या महिला गटाने नाचणी-तांदूळ दळायला छोटी गिरणी घेतली होती. मोटार एकदा जळाली, तिचं वायंडिंग नव्याने भरून आणलं, तरी परत नुसती घुमायला लागली. येत्या रविवारच्या बैठकीत गिरणी विकायची, असं जवळजवळ ठरलंच होतं. विकली तर दळणाची पिशवी पुन्हा जीपमध्ये मांडीवर घेऊन मुरबाडला जायचं. रविनाची आई कित्येक वर्षं तशीच गेलेली.

गिरणीची वायर वाडीतल्याच विठूकाकांनी ओढलेली. वाडीत मांडवाच्या लाइटिंगची वायर सगळ्यांची मिळून एकच आहे. ज्याच्या घरी हळद, त्याने तिला आपला एक तुकडा जोडायचा, अशी पद्धत. कुठला तुकडा कुणाच्या लग्नाचा, हे बायकांना तोंडपाठ. विठूकाकांनी तीच वायर पोलाजवळच्या बोर्डापासून शेताच्या कडेने गिरणीपर्यंत नेली होती.

रविनाने आधी गिरणी बंद ठेवून मोजलं. बोर्डावर २२५ व्होल्ट, गिरणीतही २२५.

"बघ गो," विठूकाका म्हणाले, "तुझा मीटर पन माझ्याच पार्टीचा. वायरीत काय नाय. मोटारच हलकी हाय."

बायका हसल्या. रविना तोंड पाडून घरी गेली आणि भाकरी खाता खाता तिची चूक तिलाच सापडली. करंट वाहतच नव्हता. मग वायरीत व्होल्ट पडणार कसे? रस्ता खराब आहे की नाही, हे त्यावरून गाडी गेल्याशिवाय कळत नाही, तसंच हे. पण मोटार लावून बघायची तर ती पुन्हा जळायची भीती, आणि मोटारीचं गणितही थोडं वाकडं असतं. रॉडचं सरळ. तिने आईचा रॉड उचलला.

रविवारी गटाच्या अध्यक्ष बाईजामावशींनी बैठक गिरणीसमोरच बसवली.

"ही काय आमाला आंगोल घालतेय का काय?" मावशी म्हणाल्या.

"मावशी, बादलीला कोनी हात नाय लावायचा," रविनाने दम दिला आणि रॉड चालू केला. एका तारेभोवती क्लॅम्प मीटर लावला: साडेसात अँपिअर. गिरणीत १९५ व्होल्ट. मग ती धावत बोर्डाकडे गेली. तिथे २२५.

"तीस व्होल्ट वाटेत सांडले," ती धापा टाकत परत आली. "तीसला साडेसातनं भागा. वायरीचा रेझिस्टन्स चार ओहम. तीस गुणिले साडेसात, सव्वादोनशे वॉट. एवढी ताकद वायर नुसती तापायला खाते. मोटारीला पुरं मिळतच नाय, ती फिरंल कशी?"

"तापते तर कुटं तापते, दाव," विठूकाका म्हणाले.

रविनाने रॉड काढला, मेन बंद केला, टेस्टरने खात्री केली आणि मग वायर हाताने चाचपत निघाली. मागून सगळी बैठक. एका जोडापाशी ती थांबली. टेपच्या आतला प्लास्टिकचा थर वितळून काळा झाला होता.

बाईजामावशींनी तुकडा ओळखला. "विठू, ह्यो तर तुज्या हळदीचा रे! आजून गरमच?"

विठूकाकांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. विठूकाकाही हसले, मग त्यांनी तो जोड बोटांत धरला. "हातानं पीळ मारला होता," ते म्हणाले. "दिव्यांच्या माळंला तेवढा पुरत होता."

गिरणी विकली नाही. मधे एकही जोड नसलेली जाड वायर आली आणि ती ओढायला विठूकाकाच शिडीवर चढले. जुनी वायर पुन्हा मांडवाच्या कामाला गेली, रविनाने प्रत्येक जोड नव्याने केल्यावर आणि तिच्यावर माळांशिवाय काही लावायचं नाही, असं बजावून. तिने तोच रॉड, तोच मीटर घेऊन परत मोजलं: नवी वायर एक ओहमच्याही आत.

मला तिचं कौतुक वाटतं ते उत्तर बरोबर आलं म्हणून नव्हे. सगळ्यांसमोर एकदा तोंडावर पडल्यावर ती त्याच लोकांसमोर बादली घेऊन परत आली, म्हणून.

आता दिवसा गिरणी मस्त चालते. संध्याकाळी घराघरांत पंखे, टीव्ही लागले, की पुन्हा अडखळते. तेव्हा पोलाजवळच्या बोर्डावरच व्होल्ट १९० पर्यंत उतरलेले असतात. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "आपली वायर मी मोजली. पन डीपीच्या ट्रान्सफॉर्मरपासून आमच्या पोलापर्यंत जी तार येते, तिच्यात किती ओहम हायत, ते कोन मोजनार रे?"