पुतळानं उठवलेली वकिलांची कचेरी

करावे गावची पुतळा कोळीण मासळीचा भाव करायला बसली की गिऱ्हाईक देवाचा धावा करायचं आणि देव दुसरीकडे बघायचा.

१९५८ साली मिठागराचे मालक हिरामणशेठ यांनी खाडीच्या फाट्यावर बांध घातला आणि करावेकरांची जाळी कोरडी पडली. पंचांनी तीन बैठका घेतल्या. तिन्हींत फक्त तंबाखू संपली. शेवटी पुतळाच ठाण्याला गेली आणि वामन टिपणीस या तरुण वकिलाला गावाचं वकीलपत्र दिलं. त्याला तिनं सगळं सांगितलं. तिच्या दिरानं, नामानं, एकदा रागाच्या भरात बांधाला भगदाड पाडलं होतं, हेसुद्धा.

"हे माझ्यापाशीच राहील," वामन म्हणाला.

सहा महिन्यांनी त्यानं प्रकृतीचं कारण देऊन कागद परत केले आणि ठणठणीत प्रकृतीनं मोहिले वकिलांच्या कचेरीत भागीदार झाला. मोहिले हिरामणशेठचे वकील. पुतळानं दुसरा वकील केला. तो म्हातारा होता, त्याला ऐकू कमी यायचं, पण निदान पळून जाण्याची भीती नव्हती.

सुनावणीला मोहिल्यांनी पुतळाला विचारलं, "तुमच्या दिरानं बांध फोडला होता, खरं ना?"

हे पुतळाला, नामाला आणि वामनलाच ठाऊक होतं. आणि नामा तर दारू प्यायला की मुका व्हायचा.

"सायेब," ती जज्जांना म्हणाली, "यांचे कचेरीतला टिपनीस आदी माजा वकील होता. त्याला सांगलेली गोष्ट यांना कशी कलली?"

"टिपणीस या दाव्यात नाहीत," मोहिले उसळले. "ते फक्त भाडेकरूंची कामं बघतात."

"बसतात कुटं?"

"कचेरीत."

"कचेरीला खोल्या किती?"

मोहिले छताकडे बघू लागले. सकाळपासून पेंगणारे जज्ज एकदम जागे झाले. "किती?"

"एक."

"कागदपत्रांची कपाटं?"

"एकच."

"आनि च्यासुदा येकाच किटलीतला," पुतळानं भर घातली. "मी बगलाय."

कोर्टात हशा पिकला. जज्जांनी निकाल दिला: एका भागीदाराला जे ठाऊक, ते सगळ्या कचेरीला ठाऊक असं धरलं जाईल, अख्खी कचेरी या दाव्यातून बाहेर. तो प्रश्नही रद्द. आपल्याला उत्तर द्यावं लागलं नाही, म्हणून पुतळानं पायरीवर बसून घाम पुसला.

हिरामणशेठनं रागानं आपली बाकीची कामंही मोहिल्यांकडून काढून घेतली. या प्रकरणाशी काडीचा संबंध नसलेले दोन भागीदार वामनशी बोलेनासे झाले आणि वर्षभरात कचेरी मोडली.

एके दिवशी वामन ठाण्याच्या बाजारात पुतळासमोर उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"बाई, मी तोंडानं काही सांगितलं नाही. माझ्या टिपणाची वही कपाटात होती. मोहिल्यांनी ती वाचली."

पुतळाला ते खरं वाटलं.

"म्हंजे तू लबाड नाय, येडा हायस," ती म्हणाली आणि त्याला पापलेट दिलं. पूर्ण भावानं.

हिरामणशेठच्या नव्या वकिलानं तडजोड सुचवली. १९६१ साली बांधाला दोन दरवाजे बसले आणि फाट्यात भरतीचं पाणी शिरलं. हार पंचांनी घालून घेतले. पुतळा त्या दिवशी बाजारात होती. तिची कोळंबी अर्धी विकायची राहिली होती.