वालपापडीच्या शेतातली हरिणी
परदेशात मिल्टनजवळच्या आमच्या भाड्याच्या शेतात नोव्हेंबरमधल्या एका सकाळी शेजारच्या शेतकऱ्याने हरिणी मारली. मटणात वसईचा बाटली मसाला पडला की त्या वासाने मला तो दिवस आठवतो. वसईहून आलेल्या पप्पांची वालपापडी लागोपाठ दोन उन्हाळे हरणांनी फुलासकट खाल्ली होती. तिसऱ्यांदा तसंच झालं तर ते शेत सोडणार होते. म्हणून शेजाऱ्याने आमच्याकडे शिकारीची परवानगी मागितली तेव्हा त्यांनी लगेच हो म्हटलं. गोठून पांढऱ्या झालेल्या गवतात पडलेली हरिणी पाहून मम्मी मात्र त्याच्यावर उखडली, "बाईमाणूसच सापडलं का तुला? शिंगवाला मार ना!" पप्पांनी ते इंग्रजीत सांगितलं. "नर मारून कळप कमी होत नाही, मॅडम," तो म्हणाला, "पिल्लं मादीला होतात." संध्याकाळी त्याने अख्खी तंगडी आणून दिली. मम्मीने ती त्याच बाटली मसाल्यात शिजवली, त्यालाच जेवायला बसवलं आणि दुसऱ्यांदा वाढताना पप्पांना म्हणाली, "सांगा त्याला, पुढच्या वर्षीपण ये." पुढच्या उन्हाळ्यात कडेच्या ओळी खाल्ल्या गेल्या, पण मधली वालपापडी वाचली आणि तिची पहिली पिशवी मम्मीने त्याच्या दारात नेऊन दिली. शेत अजून आमच्याकडे आहे.