पाहिलेलाच माणूस

चिक्कडपल्लीत आमच्या गल्लीच्या टोकाला एक शिल्पकार राहतात. फोटोवरून ते पुतळा करत नाहीत. माणूस स्वतः पाहिलेला लागतो. बाबा अंथरुणाला खिळल्यावरच ते गल्लीत राहायला आले होते; रोज यायचे आणि पलंगाजवळ बसून बाबांना न्याहाळायचे. बाबा गेल्यावर त्यांनी भाजलेल्या मातीचा अर्धपुतळा आणून दिला. खांदे उतरलेले, गळ्याची हाडं वर आलेली, तोंड किंचित उघडं.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे शेवटचे आहेत. मला आधीचे हवे होते."

"मैं उनकू ऐसाइच देखा, अम्मा," ते हळूच म्हणाले आणि पुतळा परत घेऊन गेले.

तो आता त्यांच्या व्हरांड्यात आहे. आई बाजाराला मागच्या गल्लीने जाते. मी पुढूनच जातो, पण तिकडे बघत नाही.