बोटं रुसली, तोंड नाही

दुकानात सगळे तिला वहिनीच म्हणत. मालकीण तिची थोरली नणंद. नणंदेच्या भावाची बायको म्हणून ती वहिनी, आणि मग कापणारे मास्तर, इस्त्रीवाला, काजं करणारी बाई अशा सगळ्यांचीच ती वहिनी होऊन बसली. गिऱ्हाइकं मात्र तिला टाचणीवाल्या बाई म्हणत, कारण तिच्या तोंडात टाचण्या नाहीत असं कुणी फारसं पाहिलंच नव्हतं.

तिचं काम मोठ्या आरशासमोरचं. अर्धवट शिवलेला कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा, कुठे झोळ पडतो, कुठे आवळतो ते बघायचं आणि तिथल्या तिथे टाचून द्यायचं. दोन्ही हात कापडात गुंतलेले, म्हणून टाचण्या ओठांत, डोकी बाहेर, एका वेळी दहा-बारा. हे तिला शिकवलं वन्संनीच, म्हणजे या नणंदेनंच. नियमही त्यांनीच घालून दिले होते. तोंडात टाचण्या असताना बोलायचं नाही, हसायचं नाही, आणि ज्याच्याकडून टाचणी पडेल त्यानंच ती वेचायची. एकतीस वर्षांत वहिनीनं यातला एकही नियम मोडला नव्हता. मापाच्या टेपवर तिचा विश्वास बेताचाच. टेप लांबी सांगते, पण खांदा कुठे झुकलाय ते बोटांनाच कळतं, असं ती म्हणायची आणि म्हणताना तिची मान ताठ व्हायची. का नाही होणार? तिच्या हाताखालून गेलेला एक तरी कोट परत आलाय, असं उभ्या गल्लीत कुणी दाखवून द्यावं.

नेमकी तीच बोटं दगा देऊ लागली. आधी अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट खाजायला लागलं, मग पाण्याचे बारीक फोड आले, मग भेगा. तेल लावून झालं, मलम लावून झालं. रबरी हातमोजेही तिनं घालून पाहिले, पण मोजे घालून कापड चाचपायचं म्हणजे नाक दाबून भाजीची चव सांगायची. दुपारपर्यंत तिनं ते काढून फेकले.

एक दिवस वकीलबाईंच्या कोटाची कॉलर टाचताना त्यांना आरशात ती बोटं दिसली. त्यांची मान झटकन बाजूला गेली.

"हे काय झालंय हाताला? लागण वगैरे नाही ना?"

तोंडात टाचण्या, वहिनी काय बोलणार! बोलल्या त्या वन्सं. "मी टाचते हो," म्हणत पुढे झाल्या. संध्याकाळी दुकान आवरताना, नजर चुकवत, त्या म्हणाल्या, "अगं, हात बरे होईपर्यंत तू मागेच बस. बटणं लाव."

"आणि नाही झाले बरे, तर?"

वन्सं रिळाला दोरा गुंडाळत राहिल्या.

वहिनी पडद्यामागच्या स्टुलावर गेली. बटणं लावण्यात कमीपणा नाही, पण आरशासमोरची जागा म्हणजे तिचं सगळं आयुष्य होतं. ती गेली तर आपण कोण, हे तिला सांगता आलं नसतं. वन्संनी टाचलेले कपडे शिवून मागे यायचे आणि डाव्या बगलेतला झोळ तिला लांबूनही दिसायचा. जीव नुसता तुटायचा.

महिन्याभरात फरक पडला नाही, तेव्हा वन्संच तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. त्वचेची डॉक्टर तरुण होती, पण हात लावायला बिचकली नाही. तिनं वहिनीच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. पट्ट्यांवर छोटे छोटे चौकोन, प्रत्येकात वेगळा पदार्थ: रबर, रंग, अत्तरं, धातू. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही. मग पट्ट्या काढल्या, आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाठ बघितली. बाकी चौकोनांच्या जागा कोऱ्या होत्या. एक मात्र लालभडक, पुरळानं भरलेली.

"निकेल," डॉक्टर म्हणाली. "टाचण्या, कात्री, शिवताना बोटात घालता ते अंगुस्तान यांवर चकचकीत मुलामा असतो ना, त्यातला धातू. तुमच्या कातडीला तो चालत नाही."

"चुकताय तुम्ही," वहिनी म्हणाली. वन्संनी तिला कोपरानं ढोसलं, पण ती ऐकणार नव्हती. "टाचण्या चालत नसत्या तर आधी तोंड सुजलं असतं माझं. एकतीस वर्षं धरतेय तोंडात. रोज सात-आठ तास."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "आ करा बघू."

तिनं बॅटरी लावून ओठ उलटवले. गाल, जीभ, हिरड्या बघितल्या. एक डाग नाही. मग दारातून हाक मारून तिनं शिकणाऱ्या तीन डॉक्टरांना आत बोलावलं. आळीपाळीनं तिघं तोंडात डोकावली, मग बोटांकडे बघू लागली, मग पुन्हा तोंडाकडे.

"चूक कुणाचीच नाही," डॉक्टर म्हणाली. "शरीराचे पहारेकरी दोन्हीकडे असतात, पण वळण वेगळं. कातडीचे पहारेकरी संशयी. एकदा वैर धरलं की विसरत नाहीत. लहानपणी स्वस्तातली कानातली घालून कान चिघळायचे का?"

"चिघळायचे तर! दर वेळी."

"वैर तिथंच जडलं असणार. बोटांची कातडी इतकी वर्षं जाड होती. आता कोरडी पडून चिरली, धातूला आत वाट मिळाली. तोंडाच्या अस्तराचं तसं नाही. तिथे दिवसभर परके पदार्थ येणार. प्रत्येकाशी भांडत बसलं तर माणूस घास कसा गिळेल? म्हणून तिथले पहारेकरी बऱ्याच परक्यांना सोडून द्यायला शिकलेले असतात. शिवाय लाळ धातू धुऊन नेते. काहींच्या तोंडालाही त्रास होतो हं. तुमचं मात्र अगदी नमुनेदार आहे."

"म्हणजे एकाच घरात एक भांडखोर आणि एक समजूतदार," वहिनी म्हणाली आणि वन्संकडे न बघण्याची तिनं फार काळजी घेतली.

वन्संनी तेवढं एकच विचारलं, "दुसऱ्याला लागतं का हे?"

"कसं लागेल? हे यांचं आपल्या आपल्यातलं भांडण आहे."

डॉक्टरनं मलम दिलं. काचेच्या डोक्याच्या टाचण्या, प्लास्टिकच्या मुठीची कात्री, चामड्याचं अंगुस्तान वापरायला सांगितलं. "आणि टाचण्या तोंडात धरणं सोडा. गिळाल एखादी!"

"ते नाही जमायचं," वहिनी म्हणाली. "आणि डॉक्टर, तुमच्या कोटाचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. दुकानात आणून द्या." तिघं खो खो हसली. वहिनी नमुनेदार तोंड मिटून ऐटीत बाहेर पडली.

दोन दिवसांनी वकीलबाई कोर्टाच्या सुट्टीमुळे राहून गेलेला कोट बघायला आल्या. कोट घालून हात वर केला तर डाव्या बगलेत ओढ बसत होती. त्यांनी तोंड वाकडं करत कोट उतरवला. वन्संनी पडदा सारला.

"ये बाहेर."

वहिनी आली. बोटं अजून लालच होती. वकीलबाईंनी ती पाहिली आणि कोट छातीशी धरला. वन्सं आत गेल्या, वर्षभर अर्धवट पडून राहिलेला स्वतःचा कुडता अंगावर चढवून आल्या आणि आरशासमोर उभ्या राहिल्या.

"आधी माझा गळा टाच. चांगला मानेला हात लावून."

वहिनीनं काचेच्या डोक्याच्या टाचण्या ओठांत धरल्या आणि त्या मानेला हात लावला. वन्सं आरशातूनच वकीलबाईंना म्हणाल्या, "काळजी करू नका बाई. या हातांची लागण होत असती ना, तर एकतीस वर्षांत मलाही असं टाचता आलं असतं."

वहिनीला हसू फुटलं. रडू पण. सगळ्या टाचण्या फरशीवर पडल्या. ती वेचायला वाकणार, तोच वन्संनी तिचा दंड धरला.

"राहू दे. तू तिकडे बघ."

आणि दुकानाची मालकीण गुडघे टेकून टाचण्या वेचू लागली. वकीलबाईंनी कोट पुन्हा अंगात घातला, आरशासमोर आल्या आणि मानेवरचे केस बाजूला घेऊन उभ्या राहिल्या.